इंजिन स्वस्त, टाकी महाग

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आण्णांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. होनिंग मशीनचं कोटेशन होतं. जीएसटी धरून एकोणीस लाख.

"बघ जरा," म्हणाले. "तुझं कामच हाय हे."

माझं काम हेच आहे, खोटं कशाला बोलू. मी एका गाड्यांच्या कंपनीत कॉस्टिंगला आहे. एखादा पार्ट हातात घ्यायचा, त्याचं वजन करायचं, तो कुठल्या मशीनवर किती सेकंद होता ते मांडायचं आणि शेवटी 'हा बनवायला अमुक रुपये अमुक पैसे पडले असणार' असं एक्सेलमध्ये लिहायचं. व्हेंडरने मागितलेला रेट आणि माझा आकडा यांत जो फरक निघतो, त्यावर आमचे परचेसवाले भांडतात. सहा वर्षं हे करते आहे. आण्णांच्या गाळ्याचं कॉस्टिंग मात्र मी कधी केलं नव्हतं. त्यांनी कधी मागितलं नाही, आणि मलाही ते करायचं नव्हतं.

गाळा भोसरी एमआयडीसीत आहे. पत्र्याचं छप्पर, तीन मशिनी, सात माणसं, दाराशी तुळस आणि तिच्या शेजारी कूलंटचं रिकामं पिंप. दुचाकीच्या इंजिनातला कनेक्टिंग रॉड इथे येतो. पिस्टन वरखाली जातो, क्रँक गोल फिरतो, आणि त्या दोघांना जोडणारी पोलादी दांडी म्हणजे हा रॉड. तो फोर्ज होऊन, मशीनिंग आणि हार्डनिंग होऊन येतो. आण्णा फक्त त्याच्या मोठ्या भोकाचं होनिंग करतात, म्हणजे बारीक दाण्याच्या दगडांनी आतला भाग घासून शेवटचा माप आणतात. त्या भोकातच बेअरिंगचे रोलर पळणार असतात, त्यामुळे चूक काही मायक्रॉनच्या आतच चालते. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या.

या कामाचे एका रॉडमागे तीन रुपये चाळीस पैसे मिळतात. सात वर्षांपूर्वी तीन रुपये साठ मिळायचे.

हे उलटं वाटेल. दूध वाढलं, भाडं वाढलं, वीज वाढली, मग हा रेट खाली कसा आला? कारण दरवर्षी पार्टी विचारते, "यंदा किती कमी करताय?" आमच्या धंद्यात असं गृहीतच असतं की तोच पार्ट वर्षानुवर्षं करणारा माणूस दरवर्षी थोडा हुशार होत असणार, त्याचा वेळ वाचत असणार, तेव्हा त्यातलं थोडं आम्हाला द्या. हे गृहीत अगदीच हवेतलं नाही. १९३६ साली थिओडोर राइट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने विमानांचा हिशोब मांडून दाखवलं होतं की उत्पादन दुप्पट झालं की एका नगामागची मेहनत साधारण वीस टक्क्यांनी कमी होते. आण्णांनी राइटचं नाव ऐकलेलं नाही. पण पार्टीचा परचेसवाला जेव्हा तीस पैसे कमी करा म्हणतो, तेव्हा त्याच्या एक्सेलमध्ये राइटच बसलेला असतो. आणि दुसऱ्या कुठल्यातरी गाळ्यासाठी ते एक्सेल मी केलेलं असतं.

असो. आण्णांचा प्रश्न मशीनचा नव्हताच. मशीन कसं आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला, गाड्या खपायला लागल्या आणि पार्टीने निरोप पाठवला की माल दुप्पट द्या, नाहीतर दुसरा माणूस बघतो. पंधरा लाखांचं कर्ज, पाच वर्षं. त्यांचा खरा प्रश्न त्यांनी पाणी पिऊन झाल्यावर विचारला.

"पाच वर्सं रॉड लागंल ना गं?"

*

आमच्या कंपनीत एक हॉल आहे. तिथे गाड्या उघडतात, आमच्याही आणि दुसऱ्यांच्याही. प्रत्येक स्क्रू सुटा करून टेबलावर मांडतात, खाली चिठ्ठी लावतात. गेल्या वर्षी तिथे शेजारी शेजारी दोन टेबलं होती. एकावर ११० सीसीच्या पेट्रोल स्कूटरचं इंजिन, दुसऱ्यावर विजेच्या स्कूटरची मोटर.

पेट्रोलचं टेबल पुरलं नाही, त्याला आणखी एक जोडावं लागलं. सिलिंडर, पिस्टन, तीन रिंगा, पिन, रॉड, क्रँक, कॅमशाफ्ट, दोन व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा, टायमिंग चेन, तेलाचा पंप, इंजेक्टर, स्पार्क प्लग, पुली, बेल्ट, क्लच, गिअर, गॅस्केटं, नटबोल्ट. मोटरच्या टेबलावर एक शाफ्ट, दोन बेअरिंग, चुंबकं चिकटवलेला रोटर, तांब्याच्या तारेचा स्टेटर, एक सेन्सर आणि दोन झाकणं. संपलं. बघायला आलेल्या प्रत्येकाने तेच म्हटलं, "मग ही तर स्वस्तच पडणार!"

मीही पहिल्या दिवशी तेच म्हटलं होतं. भाग कमी म्हणजे खर्च कमी, हे इतकं उघड वाटतं की तपासावंसं वाटत नाही. पण पेट्रोल इंजिनाला पर्याय म्हणून गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे जे पुढे आलं, त्यातल्या बऱ्याच जणांचा घात याच वाक्याने केला आहे.

वांकेल इंजिन घ्या. जर्मनीच्या एनएसयू कंपनीत फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवर १९५७ साली पहिलं इंजिन फिरलं. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही आणि आण्णांचा रॉडही नाही. कमरेत किंचित दाबलेल्या अंड्यासारख्या पोकळीत एक तिकोनी रोटर फिरतो, बस्स. कागदावर याच्याइतकं स्वस्त काही नव्हतं. १९६७ साली एनएसयूने ते बसवून आरओ ८० ही गाडी आणली आणि पुढच्याच वर्षी तिला युरोपातला 'कार ऑफ द इयर' किताब मिळाला. पण त्या दाबलेल्या अंड्याचा आतला पृष्ठभाग घासायचा कसा? गोल भोक करणारी मशिनी जगात गल्लोगल्ली होती. हा आकार करायला खास मशीन लागायचं. रोटरच्या तीन टोकांना ज्या पट्ट्या बसवतात, त्या पोकळीच्या भिंतीला सतत घासत राहतात. त्या झिजायला लागल्या, इंजिनं वॉरंटीत बदलून द्यावी लागली आणि १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या पोटात गेली. आरओ ८० दहा वर्षं निघत राहिली, एकूण सदतीस हजारांच्या आसपास. भारतात आज एका दिवसात याहून जास्त दुचाक्या विकल्या जातात.

माझ्या मते गोम या सदतीस हजारांत आहे. समजा एखाद्या कास्टिंगची डाय वीस लाखांची आहे. तिच्यातून एक लाख नग काढले तर नगामागे वीस रुपये. पाच हजारच काढले तर चारशे. धातू तोच, माणूस तोच, मशीन तेच. तोट्यात असणारं नवं इंजिन नेहमी या चारशेच्या बाजूला उभं असतं आणि त्याला वीसच्या बाजूच्या गड्याशी कुस्ती खेळायची असते. माझदाने त्या पट्ट्यांचं दुखणं जिद्दीने बरं केलं, १९९१ मध्ये ल मांची शर्यतही रोटरी इंजिनावर जिंकली. तरीही रोटरी इंजिन घरोघरी गेलं नाही. पेट्रोल जास्त पिण्याची सवय होतीच, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर ती कोणाला परवडेना.

क्रायस्लरची गोष्ट आणखी मजेशीर आहे. त्यांनी १९६३ पासून टर्बाइनवर चालणाऱ्या पन्नास गाड्या लोकांना तीन-तीन महिने फुकट वापरायला दिल्या. फिरते भाग नेहमीच्या इंजिनाच्या एक पंचमांश, असा कंपनीचा दावा होता. पण जो भाग जळत्या वायूत मिनिटाला हजारो फेरे मारणार, तो साध्या बिडाचा चालत नाही, त्याला उष्णता सोसणारा महागडा मिश्रधातू लागतो. प्रयोग संपल्यावर त्यातल्या बहुतेक गाड्या कंपनीने स्वतःच मोडीत काढल्या.

म्हणून मी हल्ली भाग मोजत नाही. मी विचारते की सगळ्यात अवघड भाग कोणता, तो कशाचा आहे, आणि तो करणारी किती माणसं आधीच शिकून बसली आहेत. पेट्रोल इंजिनात अवघड भाग शंभर आहेत, पण ते करणारे गाळे हजार आहेत. एकट्या भोसरी-चाकण-तळवडे पट्ट्यात फिरून या. एकजण फक्त व्हॉल्व्ह गाइड करतो, एकजण फक्त गिअरचे दात, एकजण फक्त बर काढून देतो. मशिनींचे हप्ते कधीच फिटलेले. पेट्रोल इंजिन साधं आहे म्हणून स्वस्त नाही. ते भयंकर गुंतागुंतीचं आहे. ते स्वस्त आहे कारण त्याच्या प्रत्येक भागामागे तीन रुपये चाळीस पैशांवर मान खाली घालून बसलेला एक माणूस आहे.

*

मग विजेच्या मोटरचं काय? तीही चारशेच्या बाजूला अडकणार का?

नाही. इथे आण्णांना गोड बोलून चालणार नव्हतं. मोटर काही नवी नाही. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप यांनी तिला शंभर वर्षं घासूनपुसून ठेवलं आहे. सिलिकॉन स्टीलचे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रे प्रेसवर धडाधड कापायचे, थप्पी लावायची, मशीनवर तार गुंडाळायची, वार्निशमध्ये बुडवायची. होनिंग नाही, कार्ब्युरायझिंग नाही, गॅस्केट नाही. आमच्या दोन टेबलांची बेरीज झाली तेव्हा मोटर इंजिनापेक्षा बरीच स्वस्त निघाली. आकडे कंपनीचे आहेत, ते इथे लिहिता येणार नाहीत. पण एक गोष्ट सांगते. इंजिनाच्या बेरजेत माणसं आणि मशिनी यांचा रकाना फुगलेला होता, धातू किरकोळ. मोटरच्या बेरजेत उलट. तांबं तेव्हा किलोला आठ-नऊशे रुपये होतं, लोखंड साठ-सत्तर. आणि चुंबकं. निओडिमियमच्या त्या मूठभर चुंबकांवर सगळी मोटर फिरते आणि ती बहुतांशी चीनमधून येतात. ४ एप्रिल २०२५ ला चीनने काही दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा असं झालं की पार्टची किंमत विचारायला कोणी आलं नाही, पार्ट मिळेल का एवढंच विचारत होते. रॉडच्या बाबतीत असा प्रश्न मी कधी ऐकलेला नाही.

तरीही दुकानात विजेची स्कूटर महागच का? कारण तिसरं टेबल. त्यावर बॅटरी ठेवली होती, आणि ती बघायला फारसं कोणी थांबत नव्हतं. नुसता एक डबा.

२०२४ मध्ये लिथियम बॅटरी पॅकची जगभरातली सरासरी किंमत किलोवॅट-तासाला ११५ डॉलर होती. आदल्या वर्षी १३९, आणि २०१० च्या सुमारास हजारावर. राइटचा नियम इथे अगदी इमानेइतबारे चालला आहे. तरी तीन किलोवॅट-तासांचा पॅक या सरासरीने धरला तर एकोणतीस हजारांच्या घरात जातो, आणि छोट्या पॅकला प्रत्यक्षात जास्तच पडतं. याच्या जागी पेट्रोलच्या गाडीत काय असतं? पत्र्याची टाकी. पत्रा वाकवला, वेल्डिंग केलं, रंग दिला.

हे लक्षात आल्यावर मला बाकीचेही पर्याय वेगळे दिसायला लागले. जुलै २०२४ मध्ये पुण्यात बजाजची सीएनजीवर चालणारी मोटरसायकल आली, तशी जगातली पहिली. तिचं इंजिन ओळखीचंच आहे, पिस्टन-रॉड सगळं जागच्या जागी. वेगळेपण आहे ते सीटखालच्या दोन किलो गॅसच्या सिलिंडरात, त्याच्या दाबात, त्याला धरून ठेवणाऱ्या सांगाड्यात. हायड्रोजनची गाडी घ्या, तिथे सातशे पट हवेचा दाब सोसणारी कार्बन फायबरची टाकी. म्हणजे पेट्रोलसोडून कुठलंही काही वापरायचं म्हटलं की खर्च उठून टाकीत जाऊन बसतो. पेट्रोलचा सगळा मोठेपणा इतकाच की ते साध्या पत्र्याच्या डब्यात गपगुमान राहतं. मग त्याला नीट जाळायला महागडं, नखरेल इंजिन लागतं. आणि त्या नखऱ्यांवर भोसरी जगते.

नखरे वाढतही चाललेत. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं तेव्हा कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, ऑक्सिजन सेन्सर आला, धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम-पॅलेडियम-ऱ्होडियमचा थर वाढला. इंजिन महागलं. पण ते वाढलेले पैसे रॉडवाल्याकडे आले नाहीत. ते सेन्सरवाल्याकडे आणि खाणवाल्याकडे गेले. पेट्रोल इंजिन महाग होत जाणार, बॅटरी स्वस्त होत जाणार आणि कुठेतरी या दोन रेषा एकमेकींना छेदणार. कुठे ते गाडीगणिक वेगळं.

*

आण्णांना यातलं किती सांगितलं? बरंच. ते ऐकत होते. बॅटरीचं ऐकून म्हणाले, "म्हंजी त्यात आपल्यासारख्याला घासायला कायच न्हाय." मी नाही म्हटलं.

मग वही काढली. एक्सेल नको म्हणाले, वहीत लिही. २०२४-२५ मध्ये देशात एक कोटी शहाण्णव लाख दुचाक्या विकल्या गेल्या. त्यातल्या विजेच्या साडेअकरा लाखांच्या आसपास. म्हणजे शंभरातल्या सहा. बाकी सगळ्यांत रॉड आहे. पाच वर्षांत रॉड लागेल, आण्णा. पण प्रश्न तो नाही.

नव्या मशीनवर महिन्याला साडेबावीस हजार रॉड जास्त निघतील. तीन चाळीसने शहात्तर हजार पाचशे. ऑपरेटरचे वीस हजार, विजेचे सात, होनिंगचे दगड आणि तेल नऊ, रिजेक्शन-टेम्पो साडेचार. उरले छत्तीस. बँकेचा हप्ता साडेबत्तीस हजारांच्या पुढे.

"म्हंजी साडेतीन हजार हातात," आण्णा म्हणाले.

साडेतीन हजारसुद्धा नाही. आणि काम एक दशांश कमी झालं तर तेवढेच दोन-अडीच हजार खिशातून घालायचे. रॉड संपायची गरज नाही. शंभरातल्या सहाच्या पंधरा झाल्या आणि पार्टीने कमी झालेलं काम तीन व्हेंडरांत वाटलं, तरी पुरे. किंवा तेही नको, पुढच्या एप्रिलला तीन चाळीसचे तीन पंचवीस झाले तरी झालं.

हे लिहिताना माझा हात थांबला होता, हे कबूल करते. आमच्याकडे व्हेंडरच्या शीटमध्ये शेवटी नफ्याचा रकाना असतो आणि त्यात आम्ही एक ठरलेली टक्केवारी टाकतो. त्या टक्केवारीतून मुलीची इंजिनिअरिंगची फी जाते, हे रकान्यात कुठे दिसत नाही. माझी गेली होती. तीन साठच्या काळात.

आण्णांनी वही स्वतःकडे ओढली, चष्मा लावला, बेरीज पुन्हा करून बघितली. बरोबर होती. मग म्हणाले, "ते मोटरीत शाफ्ट असतो म्हणलीस न्हवं?"

असतो. मोटर कुठलीही असो, शाफ्ट लागतोच, आणि बेअरिंग बसतं ती जागा ग्राइंडिंग करून मापात आणावीच लागते. तिथेही मायक्रॉनचंच राज्य. आण्णांच्या ओळखीतल्या एकाने चाकणच्या मोटर बनवणाऱ्याचं काम विचारलं होतं, महिन्याला अडीच हजार शाफ्ट, नगाला बावीस रुपये. आण्णांनी तेव्हा नाही म्हटलं होतं. अडीच हजार म्हणजे त्यांच्या लेखी दोन दिवसांचं काम. मी पंचावन्न हजारांची बेरीज मांडून दाखवली तसे गप्प झाले. बावीस रुपये का मिळतात तेही सांगितलं. नग थोडे आहेत म्हणून. उद्या पंचवीस हजार झाले की तिथेही माझ्यासारखी कोणीतरी बसून रेट खाली आणणार. आणि ते तीन महिन्यांपलीकडचं काही लिहून देत नाहीत.

"कोण देतंय लिहून," आण्णा म्हणाले. "रॉडवाल्यानं तरी कवा दिलं?"

नवं होनिंग मशीन घेतलं नाही. पार्टीला माल दुप्पट देता येणार नाही असं कळवलं, ती रागावली, पण अजून तरी काम काढून घेतलेलं नाही. जुनं एक सिलिंड्रिकल ग्राइंडर सहा लाखांना मिळालं, त्यात आण्णांचे चार आणि माझे दोन. माझ्याच शीटप्रमाणे हा निर्णय काठावरचा आहे. मशीन पंधरा वर्षं जुनं आहे, त्याच्या स्पिंडलचं बेअरिंग आवाज करतं, आणि शीटमध्ये दुरुस्तीच्या रकान्यात मी टाकलेला आकडा मला स्वतःलाच कमी वाटतो.

गेल्या शनिवारी सॅम्पलचे पाच शाफ्ट केले. तीन मापात आले. दोन चार मायक्रॉनने मोठे राहिले, म्हणजे घासून वाचवता येतील. आण्णांनी एक कापडाने पुसून उजेडात धरला, बोटावर फिरवला. रॉडइतका जड नव्हता, त्यांना तो हातात खोटाच वाटत होता. "एवढ्यावर गाडी पळती व्हय," म्हणाले, आणि पेटीत ठेवला.

मंगळवारी मोटरवाल्यांचा माणूस तपासायला येणार आहे. त्यांना एअर गेजचं रीडिंग हवं आहे. आमच्याकडे आहे ते भोकाच्या मापाचं, शाफ्टचं नाही. पलीकडच्या गाळ्यातल्या काकांकडे आहे म्हणतात, उद्या डबा खायच्या सुट्टीत जाऊन मागून आणायला हवं.